आजी, एकोणसत्तर म्हणजे किती?

आमच्या हॉस्टेलमध्ये एक अलिखित नियम आहे. ज्या मुलीच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तिला 'कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं' असं समजायचं. सेकंड इयरच्या सुट्टीत मी विंडोजच्या शेजारी फेडोरा टाकून घेतलं, आणि सुट्टी संपून परत आले तोवर मी आमच्या मजल्याची एक्सपर्ट झालेली होते. कुणाचा प्रिंटर चालत नाही, बोलवा हिला. कुणाचा पेनड्राइव्ह उघडत नाही, बोलवा हिला. मी जायचे, दोन बटणं दाबायचे, मशीन बंद करून चालू करायचे. दहातल्या सात वेळा तेवढ्यानेच काम व्हायचं. उरलेल्या तीन वेळा मी गंभीर चेहऱ्याने 'हार्डवेअरचा प्रॉब्लेम दिसतोय' म्हणायचे. खरं सांगते, हे सगळं मला फार आवडायला लागलं होतं.

तर झालं असं. पाचव्या सेमिस्टरला आमचा मिनी प्रोजेक्ट होता. चौघांचा ग्रुप. कॉलेजच्या गच्चीवर एक छोटं सोलर पॅनेल ठेवून त्याचं तापमान आणि व्होल्टेज रोज नोंदवायचं, आणि ऊन वाढलं, पॅनेल तापलं की व्होल्टेज कसं उतरतं ते दाखवायचं. सात आठवडे आम्ही आळीपाळीने त्या गच्चीवर भाजून निघालो. सगळ्या नोंदी, आलेख आणि रिपोर्ट एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे माझ्या विंडोजच्या डेस्कटॉपवर. "बॅकअप घेतलायस ना?" असं ग्रुपमधल्या एकाने मला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी "हो रे" म्हटलं होतं. बॅकअप घेतलेला नव्हता. घेणारच होते, पण आज-उद्या चाललं होतं.

प्रेझेंटेशन गुरुवारी सकाळी दहाला. त्याच्या आधीच्या सोमवारी रात्री मला फेडोरामधलं वायफाय दुरुस्त करायची लहर आली. रूमवर वायफायची रेंज कमी, म्हणून मी बाहेरून लावायचा छोटा अडॅप्टर आणला होता. त्याचा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करावा लागला. कंपाइल झाला, पण लोड होईना. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' एवढंच उत्तर. शोधल्यावर कळलं की हे सिक्युअर बूटमुळे. सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना प्रत्येक महत्त्वाच्या तुकड्यावर ओळखीची सही आहे का ते बघणारी व्यवस्था. माझ्या घरगुती ड्रायव्हरवर कुणाची सही असणार? यावर दोन उपाय होते. एक म्हणजे आपली स्वतःची सही तयार करून ती मशीनला ओळखीची करून द्यायची. याला अर्धा तास लागतो. दुसरा म्हणजे बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करायचं. याला अर्धं मिनिट लागतं. रात्री एक वाजता एक्सपर्ट बाईंनी कुठला उपाय निवडला असेल ते सांगायला नको. वायफाय पळायला लागलं. मी खूश होऊन झोपले.

बुधवारी रात्री साडेनऊला रिपोर्टवर शेवटचा हात फिरवावा म्हणून विंडोज सुरू करायला गेले. (मी विंडोज नेहमी एफ-१२ च्या यादीतून सुरू करते, सीनियर ताईनेच तसं शिकवलेलं.) नेहमीच्या गोल फिरणाऱ्या ठिपक्यांऐवजी निळा पडदा आला. रिकव्हरी की टाका म्हणे. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे.

हे काय असतं ते आता मला पाठ झालंय, म्हणून सांगून टाकते. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ ऑनलाइन खात्याने सुरू केलं की डिस्कवरची सगळी माहिती आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद. त्याची किल्ली टीपीएम नावाच्या एका चिपमध्ये राहते. ही चिप म्हणजे आपल्या गेटवरचे वॉचमन काका समजा. काका रोज चेहरा बघतात आणि न बोलता किल्ली देतात, म्हणून आपल्याला कुलूप आहे हेसुद्धा कळत नाही. पण एक दिवस तुम्ही तोंडाला स्कार्फ गुंडाळून आलात, तर काका किल्ली देतील का? सिक्युअर बूट बंद करणं म्हणजे तोंडाला स्कार्फ. सुरुवात नेहमीसारखी झाली नाही हे चिपने ओळखलं आणि किल्ली दिली नाही. आता चेहरा पटत नाही, तर दुसरा पुरावा म्हणून ते ४८ आकडे आणा.

इथे शहाण्या माणसाने काय करावं? स्कार्फ काढावा. म्हणजे सिक्युअर बूट पुन्हा चालू करावं. बहुतेक वेळा विंडोज तेवढ्यानेच उघडतं. ट्रबलशूटिंगचा पहिला नियमच तो आहे, शेवटचा जो बदल केला असेल तो आधी मागे घ्या. मी प्रिंटरच्या बाबतीत हा नियम अर्ध्या मजल्याला शिकवलाय!

पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त गुरुवार होता. बायोसमध्ये गेले, सिक्युरिटीच्या पानावर 'क्लिअर टीपीएम' दिसलं, आणि वाटलं की चिपचीच भानगड आहे तर चिपच साफ करून टाकू. पडद्यावर स्वच्छ इंग्रजीत लिहून आलं की असं केल्यास या चिपमध्ये ठेवलेल्या सगळ्या किल्ल्या पुसल्या जातील. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीला इंग्रजी कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मी ते वाचलं आणि 'येस' दाबलं. काकांनी ओळखलं नाही म्हणून मी काकांनाच नोकरीवरून काढलं होतं. नवीन काका आले, पण त्यांच्या खिशात किल्लीच नाही.

मग मला सिक्युअर बूटची आठवण झाली. चालू केलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

किल्लीची एक प्रत ऑनलाइन खात्यात जाते, तिथून ती काढता येते. रूममेटच्या फोनवरून माझ्या खात्यात शिरायला गेले, तर पडताळणीचा कोड जाणार होता माझ्या शाळेच्या ईमेलवर. खातं उघडलं तेव्हा मी शाळेचाच ईमेल दिला होता. शाळा सोडल्यावर तो पत्ता बंद होणार हे आम्हाला रीतसर कळवलेलं होतं आणि तो बदलायचं काम मी 'आज-उद्या'च्या यादीत टाकलेलं होतं. फेडोरा मात्र मजेत सुरू होत होतं. त्यातून विंडोजची डिस्क दिसतही होती. तिच्यावर क्लिक केलं की फेडोरा अदबीने विचारायचं, रिकव्हरी की सांगा. म्हणजे काचेच्या कपाटात आमचे सात आठवडे दिसतायत आणि कपाट उघडत नाही.

दहा वाजले होते. ग्रुपवर काय लिहायचं ते मी तीनदा टाइप करून पुसलं. आणि मग एकदम आठवली ती बाबांची वही.

आमच्या घरी लाल कापडी बांधणीची एक वही आहे. गॅस कनेक्शनचा नंबर, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, विम्याच्या पॉलिसी, शेतावरच्या मोटारीची वॉरंटी, घरात जो म्हणून नंबर येतो तो बाबा त्या वहीत लिहितात, तोही मराठी आकड्यांत. लॅपटॉप घेतला तेव्हा मामेभावाने खात्यात जाऊन ही किल्ली उघडून दाखवली होती, आणि बाबांनी चष्मा लावून ते ४८ आकडे वहीत उतरवून घेतले होते. मी तेव्हा हसले होते. "बाबा, हे क्लाउडमध्ये असतं," असं म्हटल्याचं मला शब्दन् शब्द आठवतं.

बाबांना फोन लावला. आई-बाबा दोघंही लग्नाला बार्शीला गेलेले, वही घरी कराडला, आणि घरी फक्त आजी. आजीकडे बटणांचा साधा फोन. म्हणजे फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, काही नाही.

"आजी, शेजारच्या काकूंना बोलावतेस का? त्यांच्या फोनवरून फोटो काढून पाठवतील."

"एवढ्या रात्री लोकांना उठवू होय? आकडेच वाचायचेत ना? मला काय वाचता येत नाही?" आजी जुनी सातवी पास आहे. मी गप्प बसले. वही सापडली. 'लॅपटॉपचं कुलूप' या मथळ्याखाली आकडे होते. आजीने फोन कानाला लावला आणि सुरू केलं. ती एक-एक आकडा वाचत नव्हती, जोडीजोडीने वाचत होती.

"छत्तीस... एकोणसत्तर... शून्य पाच. लिहिलंस?"

आता माझी अडचण ऐका. मी मराठीत बोलते, मराठीत भांडते, स्वप्नंसुद्धा बहुधा मराठीतच पडतात. पण मोजते मात्र इंग्रजीत. भाजीवाल्याने 'अडुसष्ट' म्हटलं की मी शंभराची नोट पुढे करते आणि तो देईल ते सुट्टे घेते. वीस वर्षं हे असंच चाललंय आणि कधी अडलं नव्हतं. इंजिनियरिंगची मुलगी आजीला 'एकोणसत्तर म्हणजे किती' असं कसं विचारणार? मला 'सत्तर' ऐकू आलं, मी ७९ लिहिलं आणि "हं, पुढे," म्हटलं.

आठ गट पूर्ण झाले. टाकून पाहिले. पडदा ढिम्म हलेना, की चुकीची आहे म्हणे. पुन्हा टाकले, पुन्हा तेच. तोवर रूममेटने शेजारच्या खोलीतून फायनल इयरच्या ताईला उठवून आणलं होतं. ती माझा कागद बघून म्हणाली, "आधी अकराने भागून बघितलंस का?"

मला वाटलं तिची झोप अजून उतरली नाही. पण गंमत पुढेच आहे. या ४८ आकड्यांतला प्रत्येक सहा आकडी गट अकराने नि:शेष भागला जातो. आतली मूळ संख्या १६ बिटची असते, तिला अकराने गुणून हा गट तयार होतो. असे आठ गट, म्हणजे १२८ बिट. म्हणूनच कुठलाही गट ७,२०,८९६ पर्यंत पोचत नाही. हे अकराने गुणणं मुद्दाम ठेवलेलं आहे, कारण ही किल्ली लोक अशीच फोनवरून एकमेकांना सांगतात आणि ऐकताना चुकतात. एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, की भाग जात नाही आणि कुठल्या गटात चूक आहे ते कळतं.

आणि अकराने भाग जातो का ते बघायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. १०० ला ११ ने भागलं की बाकी १ उरते. त्यामुळे सहा आकड्यांच्या तीन जोड्या करून त्यांची नुसती बेरीज करायची. बेरीज अकराच्या पाढ्यात असेल तर गट बरोबर. आजी जोडीजोडीने वाचत होती, म्हणजे काम अर्धं झालेलंच होतं! बाबांची वही जुनीच आहे, पण चूक पकडायची सोय आत बसवूनच आलेली होती.

आम्ही तिघी बेरजा करायला बसलो. आठातले पाच गट बसले, तीन बसेनात. माझा पहिलाच गट : ३६, ७९, ०५. बेरीज १२०. नापास.

पुन्हा फोन. आता लाजून चालणार नव्हतं.

"आजी, एकोणसत्तर म्हणजे किती?"

पलीकडे क्षणभर शांतता. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण आजी शाळेतल्या बाईंसारखी म्हणाली, "अगं, एकोण म्हणजे एक उणा. सत्तराला एक कमी. साठ नि नऊ. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळ्यांचं तसंच."

एक उणा! वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझं लक्ष नव्हतं. मी ६९ लिहिलं आणि आजीला अकराची गंमत सांगितली. मी कागदावर बेरीज मांडतेय तोवर फोनमधून उत्तर आलं, "छत्तीस नि एकोणसत्तर एकशे पाच, नि पाच एकशे दहा. अकरा दाहे दाहोदरसे. बसलं की गं!"

'दाहोदरसे' म्हणजे एकशे दहा, हेही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या नापास गटात मी 'बावन्न' ऐकून ९२ लिहिलं होतं. ताईने तो न भागताच बाद केला, कारण सात लाख वीस हजारांच्या वर गट जातच नाही. बरोबर गट होता ५२, १७, ३०. बेरीज ९९. तिसऱ्यात 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिलं होतं. आधी 'सत्ता' ऐकू येतं, हात आधी सात लिहून मोकळा होतो. १४, २७, ५८ : बेरीज ९९. माझ्या ७२ मुळे ती १४४ झाली होती. (उलट्या आकड्यांमधला फरक नेहमी नऊच्या पटीत असतो, इथे ४५. तो अकराच्या पटीत कधीच येत नाही, म्हणून ही चूक हमखास सापडते. दोन अख्ख्या जोड्यांची अदलाबदल झाली तर मात्र बेरीज तीच राहते आणि चूक सुटून जाते. आजीने जोड्यांची अदलाबदल केली नाही.)

या 'सत्तावीस'वरून आठवलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचायची पद्धत दिली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. जोडाक्षरं आणि आकड्यांचा उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, अशी बाजू गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडली होती. आमच्या घरीही त्यावर चेष्टा झाली होती आणि मीही मोठ्याने हसले होते. सत्तावीस नीट लिहिता न येणारी मी!

अकरा वाजून वीस मिनिटांनी आठवा गट टाकला. ठिपके फिरायला लागले. विंडोज उघडलं. रूममेट ओरडली, ताई 'चला, झोपू द्या' म्हणून निघून गेली. आजी अजून फोनवरच होती. "झालं का उघडून?" "झालं, आजी." "मग जेवलीस का?" रोज हाच प्रश्न असतो आणि रोज मी 'हो' म्हणून फोन ठेवते. त्या दिवशी जेवलेच नव्हते. खरं सांगितलं. बोलणी खाल्ली आणि मग दहा मिनिटं उगाचच बोलत बसलो. तिला शाळेत पावकी, निमकी, पाउणकी म्हणायला लागायची, आणि तीसपर्यंतचे पाढे आले नाहीत तर बाकावर उभं करायचे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पहिलं काम बॅकअपचं केलं, दोन ठिकाणी. सकाळी प्रेझेंटेशनच्या आधी ग्रुपला सगळं सांगितलं, दोन वेळा खोटं 'हो रे' म्हटल्यासकट. ज्याने विचारलं होतं तो काहीच बोलला नाही. त्याने फक्त माझ्याकडून पेनड्राइव्ह मागून घेतला आणि स्वतःच्या लॅपटॉपवर एक प्रत काढली. चार शिव्या परवडल्या असत्या. मार्क बरे मिळाले, पण ते माझ्या फारसे लक्षात राहिले नाहीत. तो पेनड्राइव्ह राहिलाय.

पुढच्या रविवारी सगळं नीट केलं. खात्याचा ईमेल बदलला. ड्रायव्हरला स्वतःची सही करून ती मशीनला ओळखीची करून दिली, आता सिक्युअर बूट चालू ठेवूनही वायफाय पळतं. अर्धा तासच लागला. एन्क्रिप्शन बंद करून पुन्हा चालू केलं, म्हणजे नव्या काकांच्या खिशात नवी किल्ली गेली. तेव्हा वर दिलेले आकडे बघून कुणी माझ्या रूमकडे येऊ नये, ती जुनी किल्ली रद्द झाली!

नवी किल्ली वहीत जायला हवी होती. बाबा घरी होते, त्यांना फोटो पाठवता आला असता. तरी मी आजीच्या फोनवर फोन लावला.

"आजी, वही घे. मी सांगते, तू लिही."

आणि मी वाचायला सुरुवात केली, जोडीजोडीने, मराठीतून. दोनदा अडले. 'एकोणऐंशी'ला आजी हसली. प्रत्येक गट लिहून झाला की ती मनातल्या मनात बेरीज करायची आणि म्हणायची, "बसलं. पुढचं सांग."

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)